ठिणगीचा बंदोबस्त : पेट्रोल इंजिनाच्या मॉडेल विमानांतील रेडिओ व्यत्ययाविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात आम्ही मोठ्या मॉडेल विमानावर पेट्रोल इंजिन कसे बसवावे हे सांगितले होते. त्यानंतर कोल्हापूर परिसरातून आलेल्या पत्रांत इंजिनाविषयी फारसे काही नव्हते. इंजिन सुरू झाल्यावर विमानाचा ताबा ठेवणारा रेडिओ नीट का चालत नाही, हाच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारलेला होता. सात-आठ किलो वजनाचे आणि मिनिटाला हजारो फेरे घेणारा पंखा पुढे असलेले विमान क्षणभर जरी हाताबाहेर गेले, तरी ते कोणाच्या अंगावर जाईल हे सांगता येत नाही. म्हणून या वेळचे सगळे सदर या एका विषयाला दिले आहे. पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात शिकतो. दोन वर्षे ग्लो इंजिनाचे विमान उडवले, कधी त्रास झाला नाही. आता ३० सीसीचे पेट्रोल इंजिन बसवले आहे. इंजिन बंद असताना सर्व्हो (रेडिओच्या हुकमाप्रमाणे विमानाचे भाग हलवणाऱ्या लहान मोटरी) अगदी स्थिर असतात, पण सुरू केले की थ्रॉटलचा (इंजिनाची गती बदलणारा) आणि एलेव्हेटरचा (नाक वर-खाली करणारी शेपटीची फळी हलवणारा) सर्व्हो बारीक थरथरतो. रेडिओ २.४ गिगाहर्ट्झचा आहे आणि त्याला व्यत्यय येतच नाही असे मला सांगण्यात आले होते. मग हे कशामुळे होते? (एक विद्यार्थी, राजारामपुरी)

उत्तर : आपल्याला जे सांगण्यात आले ते अर्धेच खरे आहे, आणि या अर्ध्या सत्यावर विसंबल्यामुळे अनेकांची चांगली विमाने गेली आहेत. आधी मूळ कारण पाहू. ग्लो इंजिनात ठिणगी नसते. तिथे मिथेनॉलची वाफ प्लॅटिनमच्या तप्त तारेच्या संपर्कात येऊन पेटते, आणि इंजिन एकदा चालू झाले की त्या तारेला बाहेरून वीज द्यावी लागत नाही. त्यामुळे विजेच्या दृष्टीने ते इंजिन मुके असते. पेट्रोलला मात्र ठिणगी लागते. मिनिटाला ७००० फेरे घेणाऱ्या दोन-स्ट्रोक इंजिनात सेकंदाला सुमारे ११७ ठिणग्या पडतात. प्रत्येक ठिणगीच्या वेळी काही हजार व्होल्टांचा दाब प्लगच्या टोकांमधली फट ओलांडतो, प्रवाह सेकंदाच्या काही अब्जांश भागांत शून्यावरून वर चढतो, आणि इतक्या अचानक बदलणारा प्रवाह ज्या तारेतून जातो ती तार स्वतःच अँटेना होऊन किलोहर्ट्झपासून शेकडो मेगाहर्ट्झपर्यंत सगळीकडे खरखर पसरवते. १८८७ मध्ये हाइनरिश हर्ट्झ यांनी विद्युतचुंबकीय लहरी प्रयोगशाळेत निर्माण करून दाखवल्या त्या ठिणगीतूनच, आणि आपल्या रेडिओवर छापलेले एकक त्यांच्याच नावाचे आहे. ज्यांच्या घरी काळापांढरा टीव्ही आणि छपरावर अँटेनाची काठी होती, त्यांना गल्लीतून एखादी स्कूटर गेली की पडद्यावर ठिपक्यांच्या रेघा कशा उठत हे आठवत असेल. तीच स्कूटर आता आपण विमानातल्या रिसीव्हरपासून हातभर अंतरावर आणून ठेवली आहे.

आता २.४ गिगाहर्ट्झविषयी. वारंवारता जसजशी वाढते तसतसा ठिणगीच्या खरखरीचा जोर कमी होत जातो, म्हणून या संचांना अँटेनातून होणारा त्रास खरोखरच थोडा असतो. शिवाय हे संच अंकीय पद्धतीने चालतात. वाटेत बिघडलेला संदेश रिसीव्हर टाकून देतो आणि पुढचा चांगला संदेश येईपर्यंत सर्व्होला आधीच्याच जागी धरून ठेवतो. याचा अर्थ असा, की हवेतून अँटेनात शिरलेली खरखर थरथरीच्या रूपाने आपल्याला दिसणारच नाही. आपला सर्व्हो थरथरतो आहे, तेव्हा खरखर रिसीव्हरच्या पुढच्या वाटेने, म्हणजे रिसीव्हर आणि सर्व्हो यांना जोडणाऱ्या तारेतून शिरते आहे. त्या तारेतून साधारण दर वीस मिलिसेकंदांनी एक ते दोन मिलिसेकंद लांबीचा स्पंद जातो आणि त्याच्या लांबीवरून सर्व्होला आपली जागा कळते. तारेवर ठिणगीचा झटका उमटला की स्पंद कोठे सुरू झाला आणि कोठे संपला हे सर्व्हो चुकीचे वाचतो. थ्रॉटलचा सर्व्हो बहुधा इंजिनाच्या सर्वांत जवळ असतो आणि एलेव्हेटरची तार सर्वांत लांब असते, हे ध्यानात घेतले तर आपल्याकडे हेच दोन सर्व्हो का थरथरतात याचा उलगडा होतो.

उपाय उगमापाशीच करावा. ठिणगीची सगळी वाट, म्हणजे इग्निशन मॉड्यूल (ठिणगीची वीज तयार करणारी पेटी), त्यातून निघालेली उच्च दाबाची तार, प्लगवरची टोपी आणि प्लग, ही एका अखंड धातूच्या कवचात बंद असली पाहिजे. आपल्या इंजिनाच्या तारेवर जी विणलेली स्टीलची जाळी दिसते ती तारेला खरचटू नये म्हणून घातलेली नसून तेच हे कवच आहे. ही जाळी एका जागी जरी तुटली, किंवा प्लगची धातूची टोपी प्लगच्या षट्कोनाला घट्ट चिकटून बसली नाही, तर कवचाला भोक पडते आणि खरखर तिथून बाहेर येते. माझा अनुभव असा, की दहांतले बहुतेक दोष या टोपीतच सापडतात. टोपीच्या आत एक स्प्रिंगची कडी असते. प्लग पाहण्यासाठी टोपी वारंवार ओढून काढली, विशेषतः तिरकी ओढली, तर ती कडी सैल पडते किंवा निसटून जाते. टोपी बसवताना ती ‘टक’ करून बसली पाहिजे आणि बोटाने फिरवताना जड लागली पाहिजे. मल्टिमीटरचे एक टोक टोपीच्या कवचाला आणि दुसरे मॉड्यूलकडच्या जाळीला लावून रोध मोजावा. तो एका ओहमच्या आत असावा आणि तार हलवली तरी आकडा नाचता कामा नये.

त्यानंतर प्लग पाहावा. आत रोधक असलेला प्लग वापरला तर टोकाच्या खिळ्यापासून मधल्या इलेक्ट्रोडपर्यंत साधारण पाच किलोओहम दिसतात, साध्या प्लगमध्ये जवळजवळ शून्य. हा रोधक ठिणगीच्या सुरुवातीचा तीक्ष्ण झटका बोथट करतो आणि इंजिनाच्या ताकदीत जाणवण्यासारखा फरक पडत नाही. फट ०.४ ते ०.५ मिलिमीटरच्या आसपास ठेवावी, कारण फट जितकी मोठी तितका ठिणगीला दाब अधिक लागतो आणि तितकाच तो दाब दुसरी वाट शोधतो. एक इशारा इथेच देतो. टोपी प्लगवर नसताना पंखा हाताने फिरवून ‘ठिणगी येते का’ हे कधीही पाहू नये. जायला वाट न मिळालेली वीज मॉड्यूलच्या आतले वेष्टन फोडते. त्यानंतर ते मॉड्यूल चालत राहिले तरी आतून गळत राहते.

गळती नेमकी कोठे आहे हे शोधायला महागडे उपकरण लागत नाही. जुना खिशातला ट्रान्झिस्टर मिडियम वेव्हवर, जिथे कोणतेच केंद्र लागत नाही अशा जागी लावावा, विमान शेपटीकडून भक्कम बांधून इंजिन मंद गतीवर ठेवावे आणि पंख्याच्या मागे राहून ट्रान्झिस्टर टोपी, तार, मॉड्यूल, बॅटरी आणि स्विच यांच्याजवळून सावकाश फिरवावा. जिथे तडतड एकदम वाढते तिथे दोष आहे.

प्रश्न : आमचा उद्यमनगरात लेथचा कारखाना आहे. गवत कापण्याच्या यंत्राचे २६ सीसी इंजिन मी विमानासाठी तयार केले आहे. पंख्याचा हब स्वतः बनवला. त्यात बॅटरी नाही, फ्लायव्हीलच्या चुंबकावर ठिणगी पडते. याला कवच कसे करावे? आणि इंजिन बंद करण्याचा स्विच रेडिओवरून चालवता येईल का? (एक कारखानदार, शिवाजी उद्यमनगर)

उत्तर : ऑइल इंजिनासाठी नाव मिळवलेल्या उद्यमनगरातून असे पत्र यावे याचा मनापासून आनंद झाला. आपल्या इंजिनाची मॅग्नेटो पद्धत जुनी आणि विश्वासाची आहे. तिला वेगळी बॅटरी लागत नाही हा फायदा. पण शेतात गवत कापताना जवळ रिसीव्हर नसतो, त्यामुळे तिच्या तारेला कवच देण्याची कोणी काळजी घेतलेली नसते. आपल्याला ते काम मुळापासून करावे लागेल.

सुरुवात प्लगपासून करा. अशा इंजिनांत सहसा एनजीकेचा बीपीएम ७ ए किंवा त्याच्या तोडीचा प्लग असतो. त्याच मापाचा रोधक असलेला प्लग बीपीएमआर ७ ए या क्रमांकाने मिळतो. मधले ‘आर’ हे अक्षर रोधकाचे आहे. हा बदल स्वस्त आहे आणि पुष्कळ काम करतो. पुढे कॉइलपासून प्लगपर्यंतची तार शक्य तितकी आखूड करा आणि तिच्यावर कल्हई केलेल्या तांब्याच्या तारांची विणलेली जाळी चढवा. जाळी दोन्ही टोकांना, म्हणजे प्लगकडे धातूच्या टोपीला आणि कॉइलकडे आखूड पट्टीने इंजिनाच्या अंगाला, पक्की जोडलेली असावी. एकाच टोकाला जोडलेली जाळी निम्मेही काम करत नाही.

इथे एक अडचण आहे आणि ती आधीच सांगितलेली बरी. जाळी चढवली की तार आणि जाळी मिळून एक लहानसा कपॅसिटर तयार होतो, तो ठिणगीतली थोडी शक्ती खातो, आणि मंद गतीला मॅग्नेटोची ठिणगी आधीच दुबळी असल्यामुळे इंजिन सुरू व्हायला जड जाऊ शकते. म्हणून तार आखूड ठेवण्याचा आग्रह धरतो. मूळ तारेचे वेष्टन पातळ किंवा तडकलेले असेल तर ठिणगी ते भेदून थेट जाळीत जाईल. त्यासाठी आधी ७ मिलिमीटर जाडीची नवी सिलिकॉनची तार घालावी. प्लगची टोपी मात्र आपल्याकडे लेथ असली तरी विकत घ्यावी असे माझे स्पष्ट मत आहे. बाहेरचे धातूचे कवच आपण उत्तम बनवाल, पण आतले विद्युतरोधक नीट जमले नाही तर टोपीच्या पोटातच ठिणगी पडू लागते आणि बाहेरून काही दिसत नाही.

इंजिन बंद करण्याची तार हा मॅग्नेटोचा सर्वांत दुर्लक्षित दोष आहे. ती कॉइलच्या प्राथमिक वेढ्याला जोडलेली असते, तिच्यावर प्रत्येक फेऱ्याला शेकडो व्होल्टांचा झटका येतो, आणि बहुतेक जण ती विमानाच्या पोटात, अगदी रिसीव्हरच्या शेजारच्या स्विचपर्यंत ओढून आणतात. असे करू नये. स्विच इंजिनाजवळच, फायरवॉलवर (इंजिन ज्या फळीवर बसवतात तिच्यावर) ठेवावा आणि तिथपर्यंतच्या दोन तारा एकमेकींभोवती पीळ देऊन न्याव्यात. रेडिओवरून इंजिन बंद करायचे असेल तर त्या जागी एक मायक्रोस्विच बसवून तो मागे ठेवलेल्या सर्व्होने नायलॉनच्या लांब काडीने दाबावा, म्हणजे इग्निशन आणि रिसीव्हर यांच्यात विजेचा कोणताच दुवा राहणार नाही. शिवाय मॅग्नेटोचे इंजिन तार जोडली की बंद पडते, तुटली की चालूच राहते. म्हणून कार्ब्युरेटरची झडप पूर्ण मिटल्यावर इंजिन हमखास थांबेल अशी व्यवस्था दुसरा आधार म्हणून ठेवावी.

प्रश्न : विमानाच्या पोटात जागा कमी आहे. रिसीव्हर, दोन बॅटऱ्या, इग्निशन आणि स्विच यांची मांडणी कशी करावी? शेपटीकडच्या सर्व्होंच्या लांब तारांवर फेराइटच्या (खरखर शोषणाऱ्या चुंबकीय पदार्थाच्या) कड्या घालाव्यात का? (एक वाचक, इचलकरंजी)

उत्तर : विमानाच्या पोटात एक रेषा आखली आहे असे समजा. रेषेच्या पुढे इग्निशनचे सगळे, म्हणजे मॉड्यूल, त्याची बॅटरी, त्याचा स्विच आणि पंख्याच्या हबजवळच्या सेन्सरची तार. मागे रेडिओचे सगळे. दोन्हींमध्ये ३० सेंटिमीटर अंतर असावे हा जुना नियम आहे, आणि २.४ गिगाहर्ट्झ आल्यानंतरही तो मोडण्याचे कारण मला दिसत नाही. इग्निशनची बॅटरी रिसीव्हरच्या बॅटरीपेक्षा वेगळीच हवी. इग्निशन रेडिओवरून बंद करायचे असल्यास आज प्रकाशाच्या दुव्यावर चालणारे स्विच मिळतात. त्यांत रिसीव्हरकडून येणारा इशारा आत एका लहान दिव्याच्या रूपाने पलीकडे जातो, तारेचा संबंध येत नाही, तसलाच घ्यावा.

ही रेषा ओलांडणारी एकच गोष्ट असते, थ्रॉटलची काडी. ती लोखंडी तारेची असेल तर इंजिनाच्या अंगावरची खरखर ती थेट थ्रॉटलच्या सर्व्होपाशी आणून सोडते. नायलॉनची काडी वापरावी. कार्बन फायबर विजेचे वाहक आहे, त्यामुळे ‘धातू नाही’ म्हणून कार्बनची काडी घालणाऱ्यांनी निदान एका टोकाला प्लॅस्टिकचा जोड द्यावा.

कार्बनचा हा गुण अँटेनाच्या बाबतीतही आडवा येतो. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साधारण साडेबारा सेंटिमीटर असते आणि रिसीव्हरच्या अँटेनाचा खरा काम करणारा भाग म्हणजे टोकाची सुमारे ३१ मिलिमीटरची उघडी तार. बाकीची लांबी केवळ तिथपर्यंत नेणारी केबल आहे. ही ३१ मिलिमीटरची टोके सरळ, एकमेकांशी काटकोनात, आणि कार्बनची नळी, बॅटरी, भरलेली टाकी व तारांचा गुंता यांच्यापासून दूर असावीत. विमान कसेही वळले तरी एक टोक तरी आपल्या हातातल्या ट्रान्समीटरला नीट दिसावे हा त्यामागचा हेतू आहे. रिसीव्हर फोममध्ये सैलसर गुंडाळावा. पेट्रोल इंजिनाचे हादरे ग्लोपेक्षा दांडगे असतात आणि घट्ट आवळलेल्या रिसीव्हरचे जोड हळूहळू झिजतात.

फेराइटविषयी थोडक्यात. लांब तार रिसीव्हरच्या टोकाशी कडीतून तीन ते पाच वेढे देऊन नेली तर तारेवर चढलेली खरखर कमी होते, तेव्हा अवश्य घालावी. पण तारांना पीळ देणे त्याहून सोपे आहे आणि फुटके कवच कोणत्याही कडीने भरून निघत नाही.

प्रश्न : काकांनी परदेशातून आणलेला ७२ मेगाहर्ट्झचा चांगल्या स्थितीतला संच आहे. पेट्रोलच्या विमानावर वापरावा का? (एक वाचक, गडहिंग्लज)

उत्तर : वापरू नये. ७२ मेगाहर्ट्झ हा अमेरिकेत मॉडेल विमानांना दिलेला पट्टा आहे. आपल्याकडे परवान्याविना वापरायला मोकळा आहे तो २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झचा. शिवाय त्या वारंवारतेवर ठिणगीची खरखर पुष्कळ जोरात असते, रिसीव्हरची अँटेना सुमारे एक मीटर लांब असल्यामुळे ती इंजिनापासून दूर ठेवणे अवघड जाते, आणि दोन धातूंचे सैल जोड एकमेकांवर घासले तरी त्यांची खरखर रिसीव्हरला ऐकू येते. संच जपून ठेवावा. अशा संचांनी एका पिढीला विमान उडवायला शिकवले आहे.

प्रश्न : माझे ५० सीसीचे विमान दोनदा हवेत एक-दोन सेकंद कोणाचेच ऐकेना, मग आपोआप ताब्यात आले. दोन्ही वेळा मी लूप (हवेतले उभे वर्तुळ) पुरा करून विमान वर ओढत होतो. इंजिन व्यवस्थित चालू होते. मी प्लग, टोपी, तार सगळे बदलले, तरी दुसऱ्यांदा तसेच झाले. व्यत्यय अजून कोठून येतो? (एक वाचक, कागल)

उत्तर : आपल्या पत्रातले ‘वर ओढत होतो’ हे शब्द फार मोलाचे आहेत. माझ्या मते हा ठिणगीचा व्यत्यय नाही. ठिणगीचा त्रास इंजिनाच्या गतीबरोबर वाढतो, वारंवार आणि बारीक असतो. अँटेना झाकली जात असेल तर विमान ठरावीक दिशेला वळल्यावरच ताबा सुटतो. आणि सगळे सर्व्हो जोर लावत असतानाच विमान ऐकेनासे होत असेल, तर संशय रिसीव्हरच्या वीजपुरवठ्यावर घ्यावा.

मोठ्या विमानात सहा-सात डिजिटल सर्व्हो असतात. वेगात वर ओढताना हवेचा दाब त्यांना मागे ढकलतो आणि प्रत्येक सर्व्हो एखादा-दोन अँपिअर किंवा त्याहूनही अधिक प्रवाह मागतो. चार सेलची ४.८ व्होल्टची निकेल बॅटरी, बारीक तार आणि खिळखिळा स्विच यांतून इतका प्रवाह ओढला की रिसीव्हरपाशी विजेचा दाब कोसळतो. बहुतेक रिसीव्हर साडेतीन व्होल्टांच्या आसपास बंद पडतात आणि दाब परतल्यावर पुन्हा सुरू होऊन ट्रान्समीटरशी दुवा जोडतात. आपण सांगितलेले एक-दोन सेकंद बहुधा तेच आहेत. जमिनीवर उतरल्यावर बॅटरी मोजली तर ती ठीकच दिसते, म्हणून दोष इग्निशनवर जातो.

तपासणी अशी करावी. रिसीव्हरच्या एका रिकाम्या जागी मीटर लावून ट्रान्समीटरच्या दोन्ही काड्या सगळीकडे जोराने फिरवाव्यात आणि त्याच वेळी कोणाला तरी विमानाचे हलणारे पृष्ठभाग हलकेच हाताने रोखून धरायला सांगावे. आकडा ४.८ व्होल्टांच्या खूप खाली जात असेल तर पुरवठा बदलावा. मी अशा विमानांत दोन सेलच्या लिथियम-आयर्नच्या, म्हणजे ६.६ व्होल्टांच्या दोन बॅटऱ्या, दोन स्वतंत्र स्विच आणि जाड तारा वापरतो. फक्त आपले सर्व्हो तेवढा दाब सोसणारे आहेत याची आधी खात्री करावी. आपल्याकडे जून ते सप्टेंबर विमान माळ्यावर बांधून ठेवलेले असते, आणि कोल्हापूरच्या पावसाळ्यातल्या दमट हवेत जोडांवर गंज धरतो. जुन्या निकेल बॅटऱ्यांची काळी तार आतून काळवंडून ठिसूळ होते. थोडे वेष्टन सोलून पाहिले की लगेच कळते. दिवाळीच्या सुमारास विमान बाहेर काढाल तेव्हा हे जोड आधी पाहावेत.

आपण प्लग, टोपी बदललीत त्याचा खेद करू नये. पण एका वेळी एकच गोष्ट बदलावी, नाहीतर दोष कशाने गेला किंवा का गेला नाही हे कळत नाही.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे. सुटीच्या दिवशी आमच्या भागातली मुले उड्डाण पाहायला येतात, म्हणून काळजी वाटते. उड्डाणापूर्वी नेमकी काय चाचणी करावी, आणि आमच्या मैदानाभोवती ऊस आहे, त्याने काही फरक पडतो का? (एक वाचक, कळंबा)

उत्तर : आपला प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि त्याचे उत्तर मला एक विमान गमावून मिळाले. काही वर्षांपूर्वी शहराबाहेरच्या एका माळावर मी नवे विमान नेले. रेडिओच्या पल्ल्याची चाचणी नियमाप्रमाणे केली, पण इंजिन बंद ठेवून केली. वर गेल्यावर दूरच्या वळणावर विमानाने ऐकणे सोडले आणि ते उसात जाऊन पडले. सापडल्यावर पाहिले तर प्लगच्या टोपीतली कडीच नव्हती. आधी सांगितले तसे हे अंकीय संच खरखर दाखवत नाहीत. जवळ असताना ट्रान्समीटरचा जोर इतका असतो की खरखर हरते, आणि लांब गेल्यावर तीच खरखर जिंकते. म्हणून चाचणी इंजिन चालू ठेवूनच करायची.

विमान जमिनीपासून दोन फूट तरी उंच, लाकडी टेबलावर ठेवून शेपटीकडून बांधावे आणि एका जाणत्या माणसाने मागून धरावे. पंख्याच्या समोर आणि त्याच्या फिरण्याच्या पातळीत कोणीही उभे राहता कामा नये. मुलांना तर चांगले लांब, विमानाच्या मागच्या बाजूला बसवावे. ट्रान्समीटर चाचणीच्या कमी शक्तीच्या स्थितीत ठेवून आधी इंजिन बंद असताना दूर चालत जावे. बहुतेक संचांच्या पुस्तिकांत सुमारे ३० पावलांचे अंतर दिलेले असते. तिथवर ताबा टिकलाच पाहिजे, आणि पुढे तो कोठे सुटतो ती जागा दगड ठेवून खुणावावी. मग इंजिन सुरू करून मंद, मध्यम आणि पूर्ण गतीला तीच चाल पुन्हा करावी, धरणाऱ्याने विमानाचे तोंड निरनिराळ्या दिशांना वळवावे. इंजिनामुळे अंतर एक दशांशाहून अधिक घटले तर त्या दिवशी उडवायचे नाही, असा नियम मी स्वतःला घालून घेतला आहे. रिसीव्हर वाया गेलेल्या संदेशांची संख्या दाखवत असेल तर तीही दोन्ही वेळा टिपून ठेवावी.

त्यानंतर फेलसेफ, म्हणजे रेडिओचा दुवा तुटल्यावर इंजिन आपोआप मंद करणारी किंवा थांबवणारी सोय, पाहावे. इंजिन मध्यम गतीवर असताना ट्रान्समीटर बंद करावा. इंजिन क्षणात मंद गतीवर आले पाहिजे किंवा थांबले पाहिजे. थ्रॉटल आहे तिथेच राहिला तर फेलसेफ नीट लावलेले नाही, आणि ताबा सुटलेले विमान पूर्ण ताकदीने लोकांकडे जाऊ शकते.

उसाने फरक पडतो, आणि चांगलाच पडतो. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पाण्याने भरलेल्या पानांत शोषल्या जातात. उभ्या उसाच्या आड विमान खाली आले की ट्रान्समीटर आणि अँटेना यांच्यात हिरवी भिंत उभी राहते, तीही नेमकी उतरताना. गळीत हंगामात ऊस तुटून गेल्यावर फेब्रुवारीत तेच मैदान मोकळे असते आणि सप्टेंबरात पुरुषभर उंचीच्या भिंतींनी वेढलेले असते, म्हणून गेल्या हंगामातली चाचणी या हंगामात धरू नये. आपण स्वतः बांधावर किंवा उंचवट्यावर उभे राहावे, उतरण्याची वाट तुटलेल्या शेताच्या बाजूने घ्यावी आणि विमान नेहमी नजरेसमोर ठेवावे. २०२१ च्या ड्रोन नियमांतही मनोरंजनासाठी उडवल्या जाणाऱ्या मॉडेल विमानाच्या व्याख्येतच ते नजरेच्या टप्प्यात राहणे गृहीत धरलेले आहे. उजळाईवाडीच्या विमानतळामुळे शहराचा बराच परिसर निर्बंधांच्या कक्षेत येतो. आपले मैदान डिजिटल स्काय या सरकारी नकाशावर कोणत्या रंगात आहे हे पाहून, आवश्यक असेल तिथे परवानगी घेऊनच विमान बाहेर काढावे.

टोपीतली ती कडी मात्र दर वेळी पाहावी. मी आता विमान गाडीतून उतरवल्यावर पंख जोडण्याआधी टोपी बोटाने फिरवून बघतो, आणि ती सैल लागली तर पंख गाडीतच राहतात.